जाणकारांची साक्ष





इस्रायल-पॅलेस्टाइन संघर्षावरची परिषद अलिबागेत कशासाठी, असं अनेकांनी विचारलं. या गावात इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायली, याच किनाऱ्यावरचे. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले आणि मराठी सोबत घेऊन गेले. तिथलं दुःख आम्हाला परकं नाही. पण म्हणून दुसऱ्या बाजूचं दुःख कमी होत नाही. १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले.

ते का मुकले, यावर जाणकारांचं एकमत नाही. पॅलेस्टिनी इतिहासकार वलिद खालिदी यांनी १९६१ साली ‘प्लॅन दालेत’ या ज्यू लष्करी योजनेवर लिहून ही हकालपट्टी ठरवून झाल्याचं मांडलं. इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस यांनी १९८०च्या दशकात इस्रायली दप्तरं धुंडाळली. गावं रिकामी करवल्याच्या नोंदी त्यांनीच उजेडात आणल्या. तरी सरसकट योजना नव्हती, युद्धाच्या ओघात हे घडलं, असा त्यांचा निष्कर्ष. हा वाद मिटलेला नाही. मात्र अरब नेत्यांनी सांगितलं म्हणून सगळे निघून गेले, ही जुनी कहाणी त्या कागदांपुढे टिकली नाही. अभ्यासाची ताकद मला इथे दिसते.

दान बार-ऑन आणि सामी अदवान या इस्रायली आणि पॅलेस्टिनी अभ्यासकांनी दोन्हीकडच्या शिक्षकांना सोबत घेऊन एक पुस्तक घडवलं. एका बाजूला इस्रायली इतिहास, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मधली जागा विद्यार्थ्यांना लिहिण्यासाठी कोरी. इतकं धाडस मी दुसऱ्या कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात पाहिलेलं नाही.

दोन्ही बाजू मांडण्याचा हा नियम आकड्यांनाही लागू. हमासने इस्रायलवर केलेल्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझात, तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार, पन्नास हजारांहून अधिक जीव गेले. यांतला एक आकडा सांगून दुसरा गाळणाऱ्याला अभ्यासक म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

वक्त्यांना विनंती, आमची मनं राखण्यासाठी काही हातचं राखू नका. आणि अलिबागकरांनो, न पटणारं भाषणही शेवटपर्यंत ऐका, मग खुशाल प्रश्न विचारा.