शहराचा धूर, शेतकऱ्याचे देणे

(व्याख्यानाचा संपादित अंश)



‘ओझोन’ म्हटले की पाठ्यपुस्तकातील पृथ्वीची छत्री आठवते. वातावरणातील सुमारे ९० टक्के ओझोन त्या उंचावर सूर्याचे अतिनील किरण अडवीत असतो, हे खरेच. मला बोलायचे आहे ते आपल्या नाकाशी असलेल्या ओझोनविषयी. रेणू तोच, श्वासात गेला की मात्र श्वसनमार्गाचा दाह करतो.

हा वायू थेट कोणत्या धुराड्यातून बाहेर पडत नाही. वाहने व औष्णिक वीजकेंद्रे यांतून नायट्रोजनची ऑक्साइडे निघतात. पेट्रोल, रंग, द्रावके आणि जळता कचरा यांतून कार्बनी वाफा. दोन्हींवर कडक ऊन पडले की हवेतच ओझोन शिजतो. १९४३ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिसवर डोळे झोंबविणारे धुके उतरले, तेव्हा ऐन युद्धकाळात लोकांना वाटले, जपानने विषारी वायू सोडला! ते धुके शहराच्या स्वतःच्या मोटारींनी, तेलशुद्धीकरण कारखान्यांनी आणि उन्हाने मिळून घडविले होते, हे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने पुढे दाखवून दिले. ऊन आपल्याकडे किती आहे, हे मी सांगायला नको.

यातील विपरीत भाग असा की, भर रहदारीत ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून चौकातील यंत्र ओझोन कमी दाखविते. तीच हवा वाऱ्याबरोबर शिवारात पोचते, तेव्हा तेथे तो अधिक भरतो. धूर करणारा एक, सोसणारा दुसरा.

पानाच्या ज्या सूक्ष्म रंध्रांतून पीक श्वास घेते, त्यांतूनच ओझोन आत शिरतो. हरितद्रव्य नासते, पान अकाली पिवळे पडते, दाणा पुरता भरत नाही. गहू, सोयाबीन, कापूस ही पिके विशेष नाजूक. गारपीट दिसते, कीड दिसते. त्यांचा पंचनामा होतो. ओझोनने हलका झालेला दाणा कोणत्या तलाठ्याने नोंदवावा? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये हा हिशेब मांडला. २००५ या एकाच वर्षात देशाचा ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ ओझोनपायी बुडाला, असा त्यांचा अंदाज. दारिद्र्यरेषेखालील सुमारे ९ कोटी ४० लाख लोकांना पुरेल एवढे हे धान्य! सोयाबीन व कापूस धरून नुकसान सुमारे १२९ कोटी डॉलरचे.

माणसांचा हिशेब याहून जड आहे. ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही. नाकाघशाच्या ओलाव्यात न अडकता तो खोलवर जातो. दमेकऱ्याला धाप लागते. वर्षानुवर्षांच्या संपर्काने फुफ्फुसांचा जुनाट विकार बळावतो. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’च्या २०२४ मधील अहवालानुसार २०२१ साली जगात ओझोनपायी सुमारे ४ लाख ९० हजार मृत्यू झाले, त्यांतील सुमारे २ लाख ३७ हजार भारतात. मुखपट्टी येथे उपयोगाची नाही. ती धूलिकण अडविते, वायू नाही. ओझोन सोडून ‘हवा शुद्ध करणारी’ यंत्रे घरात बसविणाऱ्यांना काय म्हणावे! मुलांचे मैदानी खेळ भर दुपारी न ठेवता सकाळी ठेवावेत, एवढे आपल्या हाती आहे.

सर्व प्रकारच्या हवाप्रदूषणातून ओढवलेल्या आजारांमुळे व अकाली मृत्यूंमुळे २०१९ मध्ये देशाचे सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपयांचे उत्पादन बुडाले, असा एक अभ्यास सांगतो. त्यात शिवारातील बुडीत धान्य धरलेलेच नाही.

ओझोनची मर्यादा आपल्या राष्ट्रीय मानकांत २००९ पासून आहे: आठ तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने लक्ष्ये ठरविली ती मात्र धूलिकणांची. २०२० च्या टाळेबंदीत आकाश निळे झाले, आणि त्याच दिवसांत काही शहरांत ओझोन वाढलेला आढळला. त्याला खाणारा नायट्रिक ऑक्साइड रस्त्यावर उरला नव्हता. म्हणून वाहने धावू द्यावीत, असा अर्थ कोणी काढू नये. ऑक्साइडे आणि वाफा दोन्ही एकत्र उतरवाव्या लागतात. वीजकेंद्रांकडून मर्यादा खरोखर पाळून घ्याव्या लागतील, पेट्रोल पंपावर उडणारी वाफ परत ओढून घ्यावी लागेल, कचरा पेटविणे थांबवावे लागेल. आणि मापनयंत्रे आज शहरांतच दाटली आहेत. ती गव्हाच्या, कापसाच्या शिवारात बसल्याखेरीज कोणत्या तालुक्याचे किती बुडते, हे शेतकऱ्याला कोणी सांगू शकणार नाही.