दोन भाषांचा शिक्षक

राज्यांच्या सीमा एका तहानें बदलतात. घरांतली बोली तशी बदलत नाहीं. आव्गुस्त पावेल यांच्या आयुष्यांत याचा प्रत्यय येतो.

त्यांचा जन्म १८८६ सालीं त्सांकोवा गांवीं झाला. गांव तेव्हां हंगेरींत होतें, बोली मात्र स्लोव्हेन. १९०९ मध्यें त्यांनीं या बोलीच्या उच्चारशास्त्रावर हंगेरियन भाषेंत ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धानंतर त्सांकोवा पुढें युगोस्लाव्हिया म्हणून ओळखल्या गेलेल्या राज्यांत गेलें. पावेल मात्र हंगेरींतच शिक्षक राहिले. जन्मगांव परमुलुखांत पडलें!

सोम्बातहेय शहरांत ते मुलींच्या शाळेंत शिकवीत. १९३३ सालीं त्यांनीं तेथें एक नियतकालिक काढलें. ते कविता हंगेरियनमध्यें लिहीत आणि इव्हान त्सांकार या थोर स्लोव्हेन लेखकाच्या कथा हंगेरियन वाचकांच्या हातीं देत.

स्वदेशीच्या स्लोव्हेनांना हंगेरीचे राज्यकर्ते ‘वेंड’ म्हणत आणि ते निराळेच लोक असल्याचें सांगत. १९४१ सालीं तो मुलूख पुन्हां हंगेरीच्या ताब्यांत आला, आणि या बोलीचें व्याकरण रचण्याचें काम पावेलांकडे आलें. १९४२ चें तें व्याकरण त्यांच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. कारण बोलीचें ग्रांथिक स्लोव्हेनशीं असलेलें नातें त्यांनीं तोडलें नव्हतें.

१९४६ च्या जानेवारींत ते वारले. सेंटगोट्टहार्डचें संग्रहालय आज त्यांचें नांव मिरवितें. श्रोतेहो, ज्या राज्याचें अन्न खावें त्याची भाषा प्रेमानें शिकवावी, आणि आईच्या भाषेविषयीं खोटें लिहूं नये, हें त्यांनीं आचरून दाखविलें.