गव्याची खडाखडी, सरड्याचा गळा

खासबागेत कुस्ती पाहिलेल्या माणसाला खडाखडी समजावून सांगावी लागत नाही. डाव टाकण्याआधी पैलवान एकमेकांचा अंदाज घेतात. आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या जंगलातले गवे मादीसाठी एकमेकांसमोर येतात, तेव्हा बहुतेक वेळा निकाल या खडाखडीवरच लागतो. दोन नर अंगाची एक बाजू दाखवत संथपणे एकमेकांभोवती फिरतात. पाठीचा उंच कणा, गळ्याखालची पोळी, सगळं नीट दिसावं असं. अंगाने कमी असलेला मुकाट बाजूला होतो. हजार किलोपर्यंत वजनाची जनावरं भिडली, तर जिंकणाराही जायबंदी व्हायचा!

नरांची झुंज ही एक वाट. दुसरी मादीच्या पसंतीची. डार्विनने १८७१ मध्ये दोन्ही मांडल्या; मादी निवड करते, हे मात्र त्या काळी अनेकांना पटलं नाही.

या दुसऱ्या वाटेचं उदाहरण सातारा जिल्ह्यात, चाळकेवाडीच्या पठारावर आहे. तिथल्या एका सरड्याची नवी जात म्हणून २०१६ मध्ये नोंद झाली. शास्त्रज्ञांनी त्याच्या कुळाला आपला मराठी शब्दच दिला, ‘सरडा’! उन्हाळ्यात नर दगडावर चढतो आणि गळ्याची निळी, काळी, नारिंगी झालर पंख्यासारखी उघडतो. ती मादीसाठी असते, तशीच दुसऱ्या नरासाठीही.

या पठारावर पवनचक्क्या आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा तिथला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट आढळले. चक्क्यांजवळ पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त आणि निर्धास्त. पण सरडे वाढले, तसे खाणारी तोंडंही वाढली. तिथले सरडे अंगाने रोड निघाले आणि नरांच्या गळ्याचे रंग फिके.

म्हणजे आकाशातली घार कमी झाली आणि जमिनीवरच्या नराचा रंग उतरला. मादीने निवडायचं तरी कशातून?

पवनचक्क्या नकोत, असं मी म्हणणार नाही; वीज आपल्याला हवीच आहे. पण पठार म्हणजे ओसाड, मोकळी जागा, हा समज आपण सोडला पाहिजे. चक्की उभारण्यापूर्वी तिथले पक्षी आणि सरडे मोजावेत, एवढंच माझं मागणं आहे.