सबस्टेशनचें वास्तुशिल्प

नाशिकहून मुंबईस जाणारी आगगाडी इगतपुरी सोडून थळघाट उतरूं लागली म्हणजे प्रवाशांची दृष्टि दऱ्या, बोगदे आणि उंच पूल यांवर खिळते. लोहमार्गालगत केवळ यंत्रांसाठीं बांधलेल्या एखाद्या घराकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तथापि या घाटांत विजेची गाडी प्रथम चढूं शकली ती अशाच घरांच्या बळावर. त्यांना सबस्टेशन, म्हणजे विजेचें उपकेंद्र, म्हणतात.

जी. आय. पी. रेल्वेची विजेवरील पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईंत बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. १९३० सालीं ही वीज इगतपुरीपर्यंत आली. ३७ फुटांत एक फूट चढणाऱ्या या घाटांत वाफेचीं इंजिनें धापा टाकीत. तें काम विजेच्या इंजिनांनीं आपल्याकडे घेतलें. तारेंत १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. दाब बेताचा असल्यामुळें प्रवाह मोठा लागे आणि तो दूर नेऊं गेल्यास बरीच वीज वाटेंतच वायां जाई. म्हणून थोड्याथोड्या मैलांवर उपकेंद्र उभारणें भाग होतें. वीजगृहांतून उच्च दाबानें येणारा उलटसुलट प्रवाह तेथें उतरवून एकदिश करीत.

इमारतीचा आकार या कामानेंच ठरे. त्या काळचीं फिरतीं परिवर्तक यंत्रें फार जड असत, म्हणून पाया भक्कम. दुरुस्तीसाठीं तीं यारीनें उचलावीं लागत, म्हणून छत उंच. तीं तापत, म्हणून खिडक्या मोठ्या आणि वारा खेळता.

शहरांत याच घराला शेजाऱ्यांचाहि विचार करावा लागे. लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर १९०२ ते १९०५ या काळांत स्टॅन्ले पीच या वास्तुतज्ज्ञानें उपकेंद्र बांधलें, तेव्हां तेथील रहिवाशांची बाग गेली. तिच्या मोबदल्यांत उपकेंद्राच्या छतावरच फरसबंद उद्यान करण्यांत आलें. बरोक शैलीचे घुमटाकार मंडप असलेली ही वास्तु आज कायद्यानें संरक्षित आहे. बर्लिनमध्यें हान्स म्यूलर यानें १९२० नंतर विटांचीं भव्य उपकेंद्रें उभारलीं. त्यांतील कांहींना पुढें नवा उपयोग लाभला.

थळघाटांत मात्र काळ पालटला. इगतपुरीपासून भुसावळकडे २५,००० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह आला, आणि कित्येक वर्षें इगतपुरीस इंजिन बदलावें लागे. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत घाटांतहि तोच प्रवाह सुरू झाला. आतां परिवर्तनाचें काम इंजिनाच्या पोटांतच होतें. उपकेंद्रें दूरदूर असतात आणि त्यांचीं मुख्य यंत्रें उघड्या आकाशाखालीं उभीं राहतात. उंच छताच्या घराचें प्रयोजन उरलें नाहीं.

मुंबईनें १९९५ सालीं वारसा-वास्तूंचे नियम केले. वारसा म्हटला म्हणजे देऊळ, वाडा अथवा किल्ला प्रथम आठवतो, आणि तें स्वाभाविक आहे. यंत्रें बदलावयाचींच, त्याबद्दल खेद करणें व्यर्थ होय. परंतु निकामी झालेलें असें घर पाडण्यापूर्वीं त्याचें मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रें तरी जतन व्हावींत, आणि शक्य असेल तेथें ड्यूक स्ट्रीटप्रमाणें लोकांना तेथें पाऊल टाकतां यावें. किल्ला पाहून घाट कोणीं राखला हें कळतें. तो विजेनें कसा चढला हें सांगणारी साक्ष या घरांचीच आहे.