बंधाऱ्यावरची पट्टी



पावसाळ्यात कोल्हापुरात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "बंधाऱ्यावर किती फूट?" राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीवर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, मालाचे ट्रक जागच्या जागी थांबले. ज्यांनी आकडा वेळेत मनावर घेतला, त्यांनी यंत्रांच्या मोटारी आधीच वर काढल्या. बाकीच्यांनी मागाहून गाळ काढला.

धंद्याने लष्कराकडून काय शिकावं, असं विचारलं की लोक चढाई आणि गनिमी काव्याबद्दल बोलतात. मला आठवतात ते धोक्याचा आकडा वेळेत सांगणारे आपल्या कोल्हापूरचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात.

१९५३ साली कोरियात युद्धकैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे ते प्रमुख होते. चिनी कैद्यांनी त्यांच्या एका मेजरला तारेच्या कुंपणाआड पकडून ठेवलं. बाहेरून हुकूम सोडणं सोपं होतं. थोरात स्वतः आत गेले, बोलले आणि आपला माणूस सोडवून आणला. त्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग २, मिळालं.

त्यांची दुसरी कसोटी कागदावरची होती. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चिनी हल्ला झाला तर काय होईल, याचा अंदाज एका टिपणात मांडला. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धाभ्यास घेतला. अपुरं सैन्य, रस्त्यांचा अभाव, सगळं स्पष्ट सांगितलं. संरक्षणमंत्र्यांना ती उगाच घबराट वाटली. १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले, १९६२ मध्ये युद्ध पेटलं. मग पंतप्रधान नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं. ते टिपण तोवर नेहरूंपर्यंत पोचलंच नव्हतं, असं थोरातांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

पट्टीने आकडा दाखवला होता. वरच्यांना तो पाहायचा नव्हता.

आज आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांपुढेही पाणी चढतं आहे. विजेवरच्या गाड्यांना इंजिनच नाही, मग इंजिनाची कास्टिंग्ज कोण घेणार? परदेशातली एक ऑर्डर रद्द झाली तरी इथली भट्टी थंड पडते. अशा काळात चांगली बातमी आपोआप केबिनमध्ये येते, वाईट बातमी मात्र दाराबाहेर ताटकळते. ती आत येऊ देणं हेच साहेबाचं पहिलं काम.

उद्या एखादा फोरमन तुमच्या दारात उभा राहून म्हणेल, "साहेब, रिजेक्शन वाढलंय." त्याच्यावर डाफरू नका. आधी त्याला बसायला खुर्ची द्या, मग त्याच्याबरोबर शॉपमध्ये जा.