शालेय परिचारिका : आरंभीचे वर्ष
(भाषणाचे शब्दांकन)



शाळेचा विषय निघाला की इमारत, पटसंख्या आणि दहावीचा निकाल यांची चर्चा होते. मागच्या बाकावरील मुलाला फळा दिसतो का, त्याला नीट ऐकू येते का, तो सकाळी काही खाऊन आला आहे का, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. हे प्रश्न विचारणे हेच जिचे कर्तव्य, ती शालेय परिचारिका. तिने नव्याने रुजू झाल्यावर आरंभ कसा करावा आणि संस्थाचालकांनी तिला कशी साथ द्यावी, हा आजचा विषय आहे.

या सेवेची भावना साताऱ्याच्या मातीला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उघडले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आई झाल्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्याजवळ परिचर्येची पदवी नव्हती, परंतु शिकणाऱ्या मुलाची प्रकृती ही शिक्षणाचीच बाब आहे, हे त्यांनी आचरणातून शिकविले.

भावनेला पद्धतीची जोड मिळाली म्हणजे काय घडते, हे न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून कळते. तेथे शाळांत डॉक्टर येत, खरूज किंवा डोळ्यांचा विकार असलेली मुले शोधत आणि त्यांना घरी पाठवीत. घरी उपचार कोणी करीत नसे. मुले आठवडेच्या आठवडे रस्त्यावर खेळत राहत. ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेकडे चार शाळा सोपविण्यात आल्या. किरकोळ उपचार तिने शाळेतच केले आणि उरलेल्या मुलांच्या घरी जाऊन आईला औषध लावण्याची रीत दाखविली. प्रयोग यशस्वी झाला आणि शहराने अधिक परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती; सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली. डॉक्टर पूर्वीही होते. नवीन होता तो पाठपुरावा.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. दोन वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असे पथक सरकारी व अनुदानित शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. जन्मतः असलेले व्यंग, पोषणातील उणीव, आजार व विकासातील विलंब यांची तपासणी होते आणि गरजू मुलांना पुढील उपचारांसाठी पाठविले जाते. योजना उत्तम आहे. तथापि पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर असले तर काय? ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांबरोबर सांगली-साताऱ्याच्या फडावर आलेले मूल कोणत्या यादीत सापडणार? आणि ज्याला चिठ्ठी मिळाली, ते रुग्णालयात खरोखरच पोहोचले का? अशी सुटलेली मुले शोधणे हे शाळेतील परिचारिकेचे खरे कार्यक्षेत्र आहे.

म्हणून नव्या परिचारिकेने पहिल्या महिन्यात औषधांच्या कपाटापेक्षा हजेरीपटाकडे अधिक लक्ष द्यावे. वारंवार गैरहजर राहणारी मुले कोणती, हे वर्गशिक्षकांना विचारावे. दमा, फिट, हृदयविकार, मधुमेह किंवा एखाद्या औषधाची वा पदार्थाची अॅलर्जी असलेल्या मुलांची माहिती पालकांकडून लेखी घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर आणि गावातील आशाताई यांची ओळख करून घ्यावी. डॉक्टरांच्या लेखी सूचनेशिवाय व पालकांच्या संमतीशिवाय औषध देऊ नये.

त्यानंतर तपासणी करावी. नजर पाहताना तक्ता सहा मीटरवर, पुरेशा उजेडात लावावा व एकेक डोळा झाकून पाहावा. ‘मठ्ठ’ म्हणून मागे बसविलेले मूल कित्येकदा केवळ चष्म्याअभावी मागे पडलेले असते. बोटांच्या बेचक्यात खाज आणि ती रात्री वाढत असेल, तर खरजेची शंका घ्यावी. अशा वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घरातील सर्वांवर एकाच वेळी उपचार व्हावे लागतात, नाहीतर ती परत येते. लोहाच्या गोळ्या उपाशीपोटी देऊ नयेत आणि शौचाचा रंग काळा झाला तरी घाबरू नये, हे पालकांना आधीच सांगावे. अन्यथा गोळ्या गटारात जातात. मुलास फिट आली तर नाकाशी कांदा वा चप्पल न धरता त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तत्काळ रुग्णालय गाठावे, हे शिक्षकांना व शिपायांनाही शिकवावे.

मुलींचा विश्वास संपादन करणे हे काम अधिक नाजूक आहे. मासिक पाळीच्या दिवसांत मुलगी घरी का राहते, याचे उत्तर पुष्कळदा कडी नसलेल्या स्वच्छतागृहात सापडते. तिने सांगितलेली गोष्ट शिक्षक-कक्षात चर्चेचा विषय झाली, तर ती पुन्हा कधीही बोलणार नाही.

या सभेत व्यापारी बंधू बहुसंख्येने आहेत, म्हणून पेढीचाच दाखला योग्य ठरेल. नुसती रोजकीर्द लिहून व्यवहार पुरा होत नाही. खतावणीत प्रत्येकाचे खाते लागते आणि येणे बाकी वसूल होईपर्यंत ते मिटत नाही. परिचारिकेची दैनंदिन नोंदवही ही रोजकीर्द होय. प्रत्येक मुलाचे स्वतंत्र पान ही खतावणी. चष्म्याची चिठ्ठी दिली म्हणजे काम झाले नव्हे. मुलाच्या डोळ्यांवर चष्मा आला, त्याच दिवशी ते खाते मिटले.

बहुसंख्य शाळांत परिचारिकेचे स्वतंत्र पद नसते. ज्या संस्था स्वखर्चाने ती नेमतील, त्यांनी तिला दाराची एक खोली, कुलपाचे कपाट, वेळापत्रकात हक्काची तासिका आणि घरभेटीसाठी प्रवासखर्च द्यावा. तिला कार्यालयातील लेखनिकाच्या कामास जुंपू नये. गरजू मुलांच्या चष्म्यांसाठी छोटा निधी राखून ठेवावा. एखाद्या समारंभातील हारतुऱ्यांच्या खर्चात कित्येक मुलांना फळा दिसू लागेल.

संस्थेची पन्नास वर्षे ही अभिमानाची गोष्ट आहेच. परंतु मुलाचे वाया गेलेले एक वर्ष कोणताही महोत्सव भरून देत नाही. ते वर्ष वाचविणाऱ्या व्यक्तीस शाळेत मानाचे स्थान मिळावे, एवढीच विश्वस्त मंडळास नम्र विनंती.