माळ्यावरचा ॲम्प्लिफायर: ठेवायचा की मोडीत काढायचा?



आज बचतीवर किंवा बँकेच्या कागदांवर बोलणार नाही. आज बोलायचं आहे माळ्यावर पडलेल्या जुन्या स्टिरिओ ॲम्प्लिफायरवर. हसू नका. सेलू म्हणा, जिंतूर म्हणा, गंगाखेड म्हणा, आपल्या परभणी जिल्ह्यात बऱ्याच घरांत ही वस्तू आहे. १९८० च्या दशकात कॅसेटी स्वस्त झाल्या. ज्यांच्या हातात चार पैसे आले त्यांनी डेक, ॲम्प्लिफायर आणि लाकडी खोक्यांचे दोन मोठे स्पीकर आणले. कुणी मुंबईचा कॉस्मिक घेतला, कुणी फिलिप्स, कुणाच्या भावानं आखातातून येताना जपानी मशीन आणलं. पुढं सीडी आली, मोबाईल आला आणि हे सगळं जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर गेलं.

ज्यांनी हौसेनं आणलं ते आता थकले, काही देवाघरी गेले. त्यामुळं त्या मशीनचं काय करायचं हा प्रश्न घरातल्या बाईसमोर येतो. पोरगं म्हणतं भंगारात घाला. भंगारवाला वजनावर भाव करतो. मेकॅनिक न उघडताच आकडा सांगतो. मोटार, म्हैस, मशीन यांचे निर्णय आपल्याला कधी कुणी विचारून घेतले नाहीत, म्हणून आपणही मान डोलावून मोकळ्या होतो.

आमच्या एका गटातल्या काकूंनी मान डोलावली नाही. त्यांच्या यजमानांचं बसस्टँडजवळ कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. ते गेल्यावर घरात डेक, ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि शंभरेक कॅसेटी राहिल्या. त्यातल्या दोन कॅसेटींत काकूंच्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या आहेत, घरीच भरलेल्या. भंगारवाल्यानं सगळ्याचे मिळून ४०० रुपये सांगितले. एका दुकानदारानं झाकण न काढता दुरुस्तीचे २,५०० सांगितले. काकूंनी गटाकडं कर्ज मागितलं.

बैठकीत गोंधळ झाला, होणारच. "हौसेला कर्ज द्यायचं का?" असं एकीनं विचारलं. तिचं बरोबर होतं, तिच्या मुलाची फी भरायची होती आणि पेटीत रक्कम कमी होती. दुसरी म्हणाली, "गड्यांच्या हौसेला आजवर कुणी हिशेब विचारला?" तेही खरंच. पण गट म्हटल्यावर टोमण्यावर कर्ज मंजूर होत नाही. मी समन्वयक म्हणून एवढंच म्हटलं की शेळीला कर्ज देताना जे विचारतो तेच इथंही विचारू. वस्तू जिवंत आहे का? खर्च नेमका किती? वापरणार कोण, आणि किती वेळा?

पहिल्यांदा एक गुंता सोडवला. ओव्या कॅसेटमध्ये आहेत, ॲम्प्लिफायरमध्ये नाहीत. ॲम्प्लिफायर फक्त आवाज मोठा करतो. डेक चालू असेल तर त्याच्या मागच्या 'लाईन आऊट'मधून वायर थेट कॉम्प्युटरला लावून कॅसेट उतरवून घेता येते. म्हणून आठवण वाचवायची घाई असेल तर आधी डेक आणि कॅसेट बघा. डेकचा रबरी बेल्ट सैल पडतो किंवा चिकट होतो, तो बदलणं स्वस्त काम आहे. हेड स्पिरिटनं पुसून घ्यायचं. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका, आधी जाणकाराला दाखवा. आणि कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन छोट्या पट्ट्या असतात, त्या तोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी आवाज पुसला जाणार नाही.

या ओव्यांना मोल आहे का, असं कुणाला वाटेल. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगुबाई अंबोरे यांचा आवाज आहे, १९९० च्या दशकात टेपवर भरलेला, आज कुणालाही ऐकता येतो. आपल्या घरातली कॅसेट त्याच जातीची आहे.

काकूंच्या दोन्ही कॅसेटी एका शिक्षकांच्या कॉम्प्युटरवर उतरल्या. खर्च काय तो बेल्टचा. मग गटानं विचारलं, आता ॲम्प्लिफायर कशाला पाहिजे? काकू म्हणाल्या, "संध्याकाळी माझ्याकडं हरिपाठाला दहा-बारा बाया येतात. मोबाईलचा आवाज ओसरीच्या पलीकडं जात नाही." वापरणार कोण याचं उत्तर मिळालं. राहिला खर्च.

वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प्लिफायर माळ्यावरून काढला की लगेच बोर्डात खुपसू नका, एवढं माझं ऐका. आत कंडेन्सर नावाचे डबे असतात, वीज साठवणारे छोटे रांजण समजा. त्यांच्या पोटात ओलसर रसायन असतं, ते वर्षांनी सुकतं आणि उष्णतेनं लवकर सुकतं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४४ अंशांवर जातो, मग पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल! शिवाय उंदरानं वायर कुरतडलेली असते, आत झुरळांचं घर असतं. फ्यूजच्या जागी कुणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली असते, ही तर आपली जुनी खोड. मागची पाटी वाचा. बाहेरून आलेल्या मशीनवर १०० किंवा ११० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० च्या लाईनवर ते जळेल. आणि झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरात वीज शिल्लक राहते.

चांगला मेकॅनिक कसा ओळखायचा? तो जुनं मशीन पहिल्यांदा सिरीज बल्बवर लावतो. म्हणजे मधे एक साधा तारेचा बल्ब जोडतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, पण बल्बमुळं मशीन वाचतं. काकूंना परभणीत असा मेकॅनिक मिळाला. त्यानं पहिला प्रश्न केला, "मालक नाही आले?" काकू म्हणाल्या, "मालक गेले. आता मीच मालक." त्यानंतर तो सगळं काकूंनाच समजावून सांगू लागला.

लक्षणं आपल्यालाही कळतात, मैत्रिणींनो. दोन्ही स्पीकरमधून सारखा घूंऽऽ असा आवाज येत असेल तर बहुतेक मोठे कंडेन्सर गेलेले असतात. आवाजाचं बटण फिरवताना खरखर झाली तर आत धूळ आहे, स्प्रे मारून साफ होतं, त्याला कुणी हजार रुपये मागितले तर उठून या. एकच बाजू बंद असेल तर मशीन बंद करून दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा. मुकेपणा स्पीकरसोबत गेला तर स्पीकर खराब, त्याच बाजूला राहिला तर ॲम्प्लिफायर. वायरींची टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, तेवढ्यानंही आतले ट्रान्झिस्टर जळतात. मशीनच्या पत्र्याला हात लागून झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी वापर बंद.

आता खरा फरक. ते दुरुस्त होईल की नाही हे बरंचसं आत काय बसवलंय त्यावर ठरतं. भारतात बनलेल्या जुन्या मशीनींत बहुधा सुटे ट्रान्झिस्टर असतात. ३०५५ नंबरचा, शंकरपाळ्याच्या आकाराचा धातूचा ट्रान्झिस्टर त्यांत फार वापरला गेला आणि तो आजही मिळतो, नकली मात्र बघून घ्यावा लागतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मेकॅनिक असे भाग मागवतात. बऱ्याच जपानी मशीनींत मात्र एसटीके नावाची एक मोठी आयसी असते. ती कंपनीनं बनवणं बंद केलंय आणि बाजारात नकलीच जास्त. तसली आयसी जळाली असेल तर पैसे घालण्याआधी दहा वेळा विचार करा.

काकूंचं मशीन ट्रान्झिस्टरचं निघालं. त्यांनी हिशेब लिहूनच मागितला: दोन कंडेन्सर ३६०, ट्रान्झिस्टरची जोडी २००, अर्थिंगची नवी वायर आणि प्लग १२०, एका स्पीकरचा फाटलेला कोन ४५०, तपासणी धरून मजुरी ७००. एकूण १,८३०. न उघडता सांगितलेल्या आकड्यापेक्षा ६७० रुपये कमी. जुने काढलेले भाग परत मागायला त्या विसरल्या नाहीत.

गटानं आधी फीचं कर्ज दिलं, काकूंना एक महिना थांबायला सांगितलं. पुढच्या बैठकीत २,००० रुपये मंजूर झाले, ४०० चे पाच हप्ते, महिना दोन टक्के. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर पाच महिन्यांचं १२० रुपये होतं. फीवाल्या ताईनंच ठराव मांडला.

मोबाईलची गाणी त्यावर वाजवायची तर ब्लूटूथचा छोटा बोर्ड मिळतो, तो मागच्या 'ऑक्स'च्या भोकात जोडायचा. 'फोनो' लिहिलेल्या जागी नाही, ती तबकडीसाठी असते, तिथं मोबाईल लावला की आवाज फाटतो. काही जुन्या मशीनींना पाच टाचण्यांचं गोल सॉकेट असतं, त्याची वेगळी वायर करून घ्यावी लागते. गावच्या सप्ताहाला कुणी भोंगा जोडायला मशीन मागितलं तर सरळ नाही म्हणा. भोंग्याचा ॲम्प्लिफायर वेगळा, घरचा स्टिरिओ वेगळा. घरच्यावर भोंग्यांची लांब लाईन ओढली तर नुकसान तुमचंच.

जिंतूरकडच्या एका ताईंच्या घरी उलटं झालं. वडिलांनी आणलेलं जपानी मशीन, आयसी जळालेली आणि ट्रान्सफॉर्मरलाही जळका वास. मन तयार होत नव्हतं, पण त्यांनी ते ठेवलं नाही आणि माझ्या मते योग्यच केलं. भंगारात मात्र घातलं नाही. मेकॅनिकला सुट्या भागांसाठी अख्खं विकलं, ७०० रुपये आले. स्पीकर चांगले होते ते ठेवले, त्यांना छोटा नवा ॲम्प्लिफायर बसवला. भंगारात गेलेल्या मशीनच्या वायरी तांब्यासाठी जाळतात, टाक्याच्या जागी शिसं असतं, आणि तो धूर तिथल्याच लेकरांच्या नाकात जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण आपल्या तालुक्यातल्या बाईला जवळचा मार्ग मेकॅनिकचाच.

नवा ब्लूटूथ स्पीकर घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा पीएमपीओचा हजारांतला आकडा बघू नका, आरएमएस किती ते विचारा. आणि बॅटरी बदलून मिळते का तेही विचारा. दोन-चार वर्षांत बॅटरी बसते आणि पुष्कळ स्पीकर उघडतच नाहीत.

ज्यांनी दुरुस्त करून घेतलं त्यांनी मशीन पुन्हा माळ्यावर चढवू नका. भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, वर कापड टाकून वाजवू नका, गरम हवा कोंडते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा. रात्री दहाच्या आत बंद करा. कॅसेटी उतरवून घ्यायच्या असतील तर पुढच्या बैठकीला घेऊन या, प्रत्येकीवर नाव आणि गाव लिहून. कोण गातंय तेही लिहा, कारण आवाज ओळखणाऱ्या म्हाताऱ्या बाया अजून आहेत तोवरच ते विचारून घेता येईल.